झोपाळ्याच्या साखळीपासून मांजरीच्या उसापर्यंत

पुण्यात राहायचं, तीन दिवस पुण्यातच हिंडायचं आणि पुण्यातच परत यायचं, याला प्रवास म्हणतात का, असं आमच्या इमारतीतल्या दोघातिघांनी मला तोंडावर विचारलं. ही मंडळी वर्षातून एकदा गाडीने सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खातात आणि त्याला ट्रेक म्हणतात. तेव्हा माझ्या हिंडण्याला प्रवास म्हणायला हरकत नसावी. मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर बोट ठेवून मुलींना सैबेरियापर्यंत नेऊन आणलं; पण खडकी आणि मांजरी ही गावं मला बसच्या पाट्यांवरच माहीत होती. ज्यांना तिकडे जायचं कधी कारण पडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मला कारण पडलं ते आमच्या जीपमुळे. माझा नवरा श्रीधर निवृत्त झाला आणि त्याने एक जुनी जीप घेतली. (लोकांत मी त्याला अहो म्हणते आणि घरात अरे. आमच्या पिढीची ती तडजोड आहे.) दोघांनी कच्छच्या रणात जायचं, असं आमचं कैक वर्षांचं स्वप्न. रण वरून पांढरं आणि कोरडं दिसतं, पण मिठाच्या पापुद्र्याखाली चिखल असतो. तिथं गाडी रुतली तर ओढून काढायला चांगला दोर हवा, असं श्रीधर म्हणत होता. मी म्हटलं, घरात साखळी आहे की. गॅलरी बंद करून घेतली तेव्हा झोपाळा उतरवला होता, त्याची साखळी माळ्यावर पडून होती. चार-चार माणसं तिने वर्षानुवर्षं झुलवली, मग एक जीप ओढायला काय हरकत आहे? घरात असलेली वस्तू बाजारातून आणणं हे माझ्या रक्तात नाही. मी स्वतः ती साखळी पुसून जीपमध्ये ठेवली.

पुढे भोरच्या बाजूला एका नदीच्या पात्रात आम्ही रुतलो. एक टेम्पोवाला मदतीला आला. मी स्टिअरिंगवर, श्रीधर बाहेर उभा राहून हातवारे करतोय. पहिल्याच हिसक्याला साखळी तुटली. तिचा तुकडा श्रीधरच्या खांद्याला लागून पुढे जीपच्या काचेत घुसला. मला ओरखडाही आला नाही. श्रीधरचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

हाड जुळलं, काच नवी बसली, पण चौदा महिन्यांत श्रीधर त्या जीपमध्ये एकदाही बसला नाही. मला तो एका शब्दाने बोलला नाही. पुणेरी नवऱ्याने टोमणासुद्धा मारू नये, याच्याइतकी दुसरी शिक्षा नाही. मग जानेवारीत एक दिवस त्याने शांतपणे सांगितलं की जीप घ्यायला रविवारी एक माणूस येतोय. मी त्याच्याकडे गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन दिवस मागून घेतले. म्हटलं, या वेळी रीतसर सामान निवडू, ते वापरून पाहू. तरीही तुला बसावंसं वाटलं नाही तर जीप जाऊ दे आणि रणही जाऊ दे. तो म्हणाला, येतो मी बरोबर, पण जीपमध्ये बसणार नाही.

गुरुवार, खडकी

सकाळी बसमधून उतरलो तेव्हा नदीवरून धुकं उठत होतं आणि त्यातून कुठल्याशा कारखान्याचा भोंगा येत होता. सायकलवरची माणसं धुक्यातून निघत आणि धुक्यात जात. हे सगळं मी आधी कधीतरी झोपेत पाहिलं आहे असं मला वाटत राहिलं. बाजारामागच्या बोळात युसूफभाईंचं दुकान होतं. लष्करातून लिलावात निघालेलं सामान ते विकतात. त्यांच्या वडिलांनीही तेच विकलं.

आत शिरलं की आधी वास येतो, तेलाचा आणि तागाचा. मग हळूहळू दिसायला लागतं. छतापासून लोंबणाऱ्या तारा, वेटोळी करून ठेवलेले दोर, कप्प्या, माझ्या मनगटाएवढे हूक. यातला प्रत्येक दोर कुठल्या तरी चिखलातून कुणाला तरी ओढून आलेला आहे, असं माझ्या मनात आलं आणि मी नकाशावरचे चिखल आठवत बसले: आसामातले, चंबळच्या काठचे, राजस्थानात एका पावसानंतर होणारे. श्रीधरने माझ्या कोपराला हात लावला तेव्हा कळलं, युसूफभाई कधीचे माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

सत्तरीचा माणूस, अंगात राखाडी स्वेटर, चष्म्याला दोरी. त्यांनी विचारलं होतं, गाडीचं वजन किती? मी कंपनीच्या पुस्तकातला आकडा सांगितला.

"पुस्तकाची गाडी ओढायची आहे का?" ते म्हणाले. "आपल्या गाडीचं सांगा. सामान भरून, माणसं बसवून. माप न देता ब्लाऊज शिवायला टाकता का आपण?"

मी गप्प बसले. शाळेत मी लोकांना गप्प बसवत असे. मग मी विंचबद्दल विचारलं. विंच म्हणजे गाडीच्या पुढे बसवायचं, तार गुंडाळणारं यंत्र. मी ते चित्रांत पाहिलं होतं आणि आपल्या जीपला ते शोभेल असं माझं मत होतं. युसूफभाईंनी आम्ही कुठं जाणार ते विचारलं. रणात, म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तिथं झाड नाही, खडक नाही. हूक अडकवणार कशाला, क्षितिजाला?"

त्यांचं म्हणणं असं की रणात दुसरी गाडी सोबत न्यायची, आणि एका गाडीने दुसरीला काढायचं. त्यासाठी पट्टा हवा, आणि पट्टा गाडीला जोडायला दोन शॅकल. शॅकल म्हणजे लोखंडी कडं, त्याच्या तोंडाशी पिळाचा खिळा. त्यांनी दोन कडी माझ्या हातात दिली. एक चांदीसारखं चकाकणारं, दुसरं काळपट आणि ओबडधोबड. मी अर्थातच चकाकणारं पसंत केलं. त्यांनी ते काढून घेतलं आणि काळपट कड्याच्या पोटावरचा उठावदार आकडा माझ्या बोटाने मला चाचपायला लावला. किती भार सोसेल, तो आकडा. ज्याच्या अंगावर आकडा नाही ते लोखंड पडदे अडकवायला वापरा, असं ते म्हणाले. खिळा पूर्ण आवळायचा आणि मग पाव फेरा उलटा सोडायचा, नाहीतर ओढल्यावर तो असा बसतो की निघत नाही, हेही त्यांनी दोनदा करून दाखवलं. श्रीधर तेव्हा पाठमोरा उभा राहून तारा पाहत होता. त्याला काही ऐकू जात नसावं, असं मला वाटलं आणि वाईट वाटलं.

चहा मिळाला, बेकरीतून मागवलेली गरम खारी मिळाली. सामान मात्र मिळालं नाही. वजनाची चिठ्ठी आणा, मग देतो, असं सांगून युसूफभाई आतल्या खोलीत गेले. गिऱ्हाईक हाकलण्यात आमचं सदाशिव पेठेचं माहेरही इतकं सभ्य नाही.

शुक्रवार, मार्केट यार्ड आणि बिबवेवाडी

वजनकाटा मार्केट यार्डाच्या बाजूला. मी जीप घेऊन निघाले आणि श्रीधर रिक्षाने माझ्या मागे. आरशात मला दिसत होतं, रिक्षावाला मान मागे वळवून त्याला काहीतरी विचारतोय. नवरा-बायको एकाच घरातून एकाच ठिकाणी दोन वाहनांनी का जातात, हे त्याला समजून घ्यायचं असणार. मलाही घ्यायचं होतं.

काट्यावर कांद्याच्या ट्रकमागे माझा नंबर लागला. जमिनीतली लोखंडी फळी जीपखाली किंचित हलली. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "आत किती माणसं?"

"एक."

"जाताना एवढीच जाणार का? जेवढी जाणार तेवढी बसवून वजन करा, नाहीतर चिठ्ठीचा उपयोग काय?"

मी बाहेर पाहिलं. श्रीधर रिक्षाजवळ उभा राहून कांद्याच्या गोण्या मोजल्यासारखं करत होता. आमचं अंतर वीस पावलांचं असेल. हाक मारावी असं फार वाटलं, पण हाक मारून तो आला नसता तर शनिवार उरलाच नसता. मी म्हटलं, एकच लिहा. चिठ्ठीवर सोळाशे ऐंशी आलं. ती मी पर्समध्ये घडी घालून ठेवली आणि मनातल्या मनात श्रीधरचे बहात्तर मिळवले.

युसूफभाईंनी पट्ट्यासाठी पत्ता दिला होता तो बिबवेवाडीतला. पिठाची गिरणी आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधला एक गाळा, आणि त्यात शैलाताई मोठ्या मशीनवर बसून पट्टे शिवत होत्या. क्रेनने माल उचलायला लागतात ते पट्टे. हाताएवढी रुंद पट्टी, दुहेरी, तिहेरी, आणि मशीन त्यावरून सावकाश धडधडत जात होतं. सगळा गाळा त्या लयीत डुलत होता. जमिनीवर पिवळे, हिरवे, निळे पट्टे पसरले होते आणि दारातून येणारं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. मी तिथं दिवसभर बसले असते.

शैलाताईंनी चिठ्ठी पाहिली आणि विचारलं, गाडी चालवत न्यायचीये का रुतलेली काढायचीये? मला दोन्ही सारखंच वाटत होतं. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीमागे रस्त्याने न्यायची तर न ताणणारा पट्टा लागतो. रुतलेली काढायची तर ताणणारा, नायलॉनचा. तो आधी लांबतो आणि मग आखडताना गाडीला सोबत घेऊन येतो. हिसका बसत नाही. त्यांनी एका टोकाला मला धरायला लावलं, दुसऱ्या टोकाला त्या, आणि आम्ही दोघी मागे रेललो. काही कळण्याइतका तो ताणला नाही, पण त्यांनी सांगितलं ते पटलं. पट्टा पांढरा आणि शिवण लाल दोऱ्याची होती. नटवेपणा असेल असं मला वाटलं. तर तसं नाही. दोरा झिजला, उसवला की लगेच दिसावा म्हणून शिवण वेगळ्या रंगाची घ्यायची.

मी त्यांना झोपाळ्याच्या साखळीची गोष्ट सांगून टाकली. का सांगितली कोण जाणे. श्रीधरसमोर मी ती चौदा महिन्यांत कुणाला सांगितली नव्हती. शैलाताई हसल्या नाहीत. साखळीला ताण घ्यायचं माहीत नसतं, एवढंच म्हणाल्या, आणि हवं तर झोपाळ्याला पट्टे शिवून देते, असंही म्हणाल्या.

तेव्हा श्रीधर दोन दिवसांत पहिल्यांदा बोलला. "आणि हा तुटला तर?"

"तुटेल ना काका. कधी ना कधी सगळंच तुटतं," शैलाताई म्हणाल्या. "तुटल्यावर ते कुठं जाईल, हे ओढायच्या आधी ठरवायचं असतं. ते मला सांगून जमणार नाही. मांजरीला जाऊन बघा."

मांजरीला त्यांचा भाऊ दत्तूभाऊ ऊस लावतो. तोड चालू होती, आणि पाणी दिलेल्या रानात रोज एखादी ट्रॉली रुततच होती. पट्टा त्यांच्याकडून घेतला आणि संध्याकाळी आम्ही चिठ्ठी दाखवून युसूफभाईंकडून दोन काळपट कडी घेतली. त्यांनी चिठ्ठी उजेडात धरून वाचली आणि विचारलं, "एकच माणूस?" मी पर्सची चेन लावली. त्यांनी एक माप मोठी कडी काढून दिली.

शनिवार, मांजरी

पहाटे निघालो, पुन्हा मी जीपमध्ये आणि श्रीधर त्याच रिक्षात. रिक्षावाल्याने या प्रवासात आता रस घेतला होता. हडपसर संपता संपता एका बाजूला वीस-वीस मजली इमारती, दुसऱ्या बाजूला उसाची भिंत, आणि दोन्हींच्या मधून धुक्याचा पट्टा सरकत होता. इमारतींच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले टॉवेल आणि खाली उसाचे पांढरे तुरे, दोन्ही एकाच वाऱ्याने हलत होते. मी गाडी चालवते आहे हे मी क्षणभर विसरले. वाटलं, पांढऱ्यावरून पांढऱ्याकडे चाललोय आणि रण आता पुढच्या वळणावर आहे.

दत्तूभाऊंच्या रानात पोचलो तेव्हा त्यांची ट्रॉली रुतलेलीच होती. त्यांनी आधी आम्हाला ताजा रस पाजला, आलं घालून. मग ट्रॅक्टर आणला, साखळी जोडली आणि इंजिन सुरू ठेवून गप्प बसून राहिले. मी विचारलं, थांबलात का? ते म्हणाले, "कारभारीण यायची हाय."

कारभारीण म्हणजे त्यांची बायको, सखूवहिनी. त्या पाटाच्या पाण्यातून दोन गोणपाटं भिजवून घेऊन आल्या आणि ताणलेल्या साखळीवर त्यांनी ती मधोमध टाकली, चिंब ओली आणि जड. मग कमरेवर हात ठेवून रानात चारी बाजूंना पाहिलं. तोडकरी बाया, माणसं, कुत्रं, सगळे बांधापलीकडे गेल्यावर त्यांनी मान हलवली आणि तेव्हा दत्तूभाऊंनी क्लच सोडला. ट्रॉली चिखलातून सुटून वर आली. त्या घरात ही रीत सासूपासून चालत आलेली. साखळी तुटलीच तर गोणपाटाच्या ओझ्याने जागच्या जागी पडते, उडत नाही. हे सगळं दोन ओल्या गोणपाटांचं काम. मला नदीच्या पात्रातला तो दिवस आठवला आणि रडू आलं. टेम्पोत मागे गोणपाटांची चळतच्या चळत होती. मी ती पाहिली होती.

मग आमची पाळी. मी जीप मुद्दाम त्याच ओल्या रानात घातली, पण अर्ध्या चाकापर्यंत जायचा बेत होता तो चाकं सगळी बुडेपर्यंत गेला. दत्तूभाऊंनी ट्रॅक्टर समोर आणला. श्रीधर रिक्षाजवळून चालत चिखलात आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. त्याने काळपट कडं माझ्या हातातून घेतलं, जीपच्या चासीच्या हुकात घातलं, खिळा पूर्ण आवळला आणि पाव फेरा उलटा सोडला. म्हणजे खडकीत त्याने सगळं ऐकलं होतं.

"श्रीधर," मी म्हटलं. लोकांसमोर अहो म्हणायचं मला राहूनच गेलं. "साखळी मी ठेवली होती रे. तू दोर म्हणत होतास आणि मी साखळी म्हटलं. तुझा खांदा माझ्यामुळे मोडला. तू एकदा तरी बोलायला हवं होतंस."

त्याने कड्यावरचा चिखल बोटाने पुसला. मग म्हणाला, "खांद्याचं काय आहे नीला, तो मला दुखलासुद्धा नाही तेव्हा. काच पांढरी झाली. एका क्षणात सगळी पांढरी, आणि तू दिसेनाशी झालीस. मी हाक मारली, तू ओ दिली नाहीस. ती गाडी पाहिली की मला तेवढंच दिसतं."

मी ओ दिली नव्हती, कारण मला हाक ऐकूच आली नव्हती. चौदा महिने मला वाटत होतं, हा माझ्यावर रागावलाय. आणि हा चौदा महिने त्या पांढऱ्या काचेसमोर उभा होता. रणाचं पांढरं मी रोज स्वप्नात पाहत होते, आणि त्याच रंगाची याला भीती बसली होती. मी त्याची बाही धरून उभी राहिले.

सखूवहिनी गोणपाटं घेऊन आल्या होत्या. त्यांनी ती श्रीधरच्या हातात दिली. त्याने पट्ट्यावर स्वतः पसरली, कडेला खेचून नीट केली. मग त्या म्हणाल्या, जीपचं बॉनेट उघडून उभं करा, म्हंजी काचंला काय लागायचं न्हाय. बॉनेट उभं केल्यावर मला समोरचं काहीच दिसेना, फक्त रंगवलेला पत्रा. श्रीधर बाजूला उभा होता, हात वर करायच्या बेतात.

"दादा, बाहीर हुबं ऱ्हायचं न्हाय," सखूवहिनी म्हणाल्या. "बांधापल्याड जावा, न्हायतर आत बसा. दोनच जागा हायती."

बांध लांब नव्हता. रिक्षावाला तिथून हाताने बोलवत होता. श्रीधरने बांधाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दार उघडलं, चिखलाचे पाय झटकले, जसे तो नेहमी झटकायचा, आणि माझ्या शेजारी बसला. मी गिअर टाकला.

हिसका बसलाच नाही. काही क्षण काहीच झालं नाही, आणि मग कुणीतरी खालून अलगद उचलावं तसे आम्ही वर यायला लागलो. समोर काही दिसत नव्हतं, बाजूने ऊस हळूहळू मागे जात होता. झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतंय, असं मी म्हणणार होते, पण त्या घरगुती वस्तूचं नाव काढायची ती वेळ नव्हती. श्रीधरने डोळे मिटले होते. "आहेस ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आहे. पाच-सहा वेळा विचारलं असेल, आणि कोरड्यावर येईपर्यंत मी दर वेळी ओ दिली.

दुपारी वहिनींनी बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी आणि खर्डा वाढला. जेवण झाल्यावर श्रीधरने बांधावर उभं राहून रविवारच्या गिऱ्हाइकाला फोन केला आणि गाडी चिखलात आहे, तूर्त निघायची नाही, असं सांगितलं. खोटं बोलायचं नाही हा त्याचा बाणा, आणि गाडी चिखलाने खरोखरच माखलेली होती. रिक्षावाला एकटाच परत गेला. जाताना जरा हिरमुसलेला दिसला.

घराकडे येताना मार्केट यार्डाशी श्रीधर म्हणाला, डावीकडे घे. मी गाडी वळवली. काट्यावर फुलांचा एक टेम्पो होता, तो उतरला आणि जीप फळीवर चढली. खिडकीतल्या माणसाने आज मान वर केली आणि आमचा चिखल पाहिला.

"कालचीच ना ही गाडी? आत किती माणसं?"

मी तोंड उघडायच्या आत श्रीधर खिडकीतून अर्धा बाहेर वाकला. "दोन," तो म्हणाला. "आणि चिखल वेगळा."